होडीची फळी नागपूरला गेली तेव्हा

नागपूरला जाताना माझ्या सामानात एक फळी होती. मोडीत काढलेल्या जुन्या होडीच्या बुडाची, हातभर लांब. वर्षानुवर्षं माशाचं तेल पिऊन काळीकुट्ट झालेली. गोणपाटात गुंडाळून, सुतळीनं आवळून मी ती बाकाखाली सरकवली. पण वासाला काही सुतळी बांधता येत नाही. कोल्हापूरहून गाडी सुटली तशी समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला.

“अहो, त्या गाठोड्यात काय मेलंय?”

“काही नाही बाई, फळी आहे.”

“फळी कशी मरेल?” तिचा नवरा म्हणाला, आणि सगळा डबा हसला. पुण्यापर्यंत मग हाच खेळ. जो नवा चढे त्याला आधीचे सांगत, “इथं बसू नका, यांची फळी वारली आहे.” मलाही हसू येत होतं, पण भीती जास्त. कुणी वैतागून ती खिडकीतून भिरकावली तर? मी दोन्ही पाय तिच्यावर ठेवूनच नागपूर गाठलं.

परत आलो तेव्हा गावात सगळ्यांनी एकच विचारलं, “संत्री खाल्लीस काय?” खाल्ली, पोटभर खाल्ली. पण सांगायचं ते वेगळंच आहे. वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, “सगळ्यांना एकेकट्याला सांगत बसण्यापेक्षा लिहून काढ, आपल्या हस्तलिखित अंकात घालू.” मी सहावीतून शाळा सोडलेला. लिहिताना हात जड होतो. तरी लिहितो, कारण ज्यांनी एवढं केलं त्यांचं नाव आपल्या गावात कुणाला ठाऊक नसावं हे बरं नव्हे.

आमचा काजूचा कारखाना सर्वांना माहीत आहे. बी भाजायची, फोडायची, सोलायची. मी भट्टीवर असतो, माझी बायको बी फोडायच्या शेडमध्ये. मिरग लागला, पाऊस सुरू झाला की काम बंद, बायकांनी घरी बसायचं. टरफलाचं तेल मात्र पिंपं भरभरून उरतं; त्याचं काही करता आलं तर पावसातही काम निघेल. अंगाला लागलं तर कातडं सोलतं. होडीला लावलं तर आठवडे उलटले तरी चिकटच राहतं. नागपूरच्या विद्यापीठात तेलावर काम करणारे एक सर आहेत, त्यांनी याच तेलाचं होडीला लावण्याजोगं वॉर्निश केलं आहे, असं आमच्या मालकांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि पत्र टाकलं. सरांचं उत्तर आलं: एक पिंप तेल पाठवा, तेलात मुरलेला माणूस पाठवा, आणि जुन्या होडीचं एक लाकूड पाठवा.

मालक मला म्हणाले, “शांताराम, माका रसायन कळणा नाय. तुका त्याल कळता. जा नि डोळ्यांनी बघ. तू हो म्हणालंस तर मी येवन करारावर सही करतंय.”

रात्री बायकोनं माझे कपडे गाठोड्यात बांधले. सकाळी एवढंच म्हणाली, “पावसात काम मिळात काय, ता बघून येवा.” बाकीच्या शेडमधल्या बायकांनाही कुठून तरी कळलं होतं. एसटी सुटेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या. त्यांचं ते उभं राहणं मी नागपूरभर पाठीवर वागवलं.

वाडी

पिंप ट्रकनं पुढं गेलं होतं. अमरावती रस्त्यावर वाडी म्हणून जागा आहे, तिथं ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं. एवढे ट्रक एका ठिकाणी मी आयुष्यात पाहिले नव्हते. आमच्याकडे एक ट्रक आला तर पोरं मागे धावतात. तिथं ट्रकच माणसांच्या मागे लागल्यासारखे. गोदामाच्या मुकादमानं माझी पावती पाहिली आणि एकदम उभाच राहिला.

“तो तू हाय का गा? तुझ्या पिपानं आमच्या हमालाचे हात जाळले नं! काय भरलं हाय त्यात, तेजाब?”

पिंप झाकणाशी पाझरलं होतं. हमाल बिचारा हात पुढं करून ओट्यावर बसलेला, बोटांवर फोड. परमुलखात पाऊल टाकलं नाही तो माणूस भाजला. मी धावत जाऊन एरंडेल आणलं, त्याच्या हातांना चोळलं आणि माझे तळवे दाखवले. भट्टीवरच्या माणसाचे तळवे कसे असतात ते आपल्याकडे सांगायला नको. तो बघत राहिला.

“तुमचे हात असे झाले, तरी करता?”

“आम्ही राख लावतो हाताला. सवय होते.”

“राख लावून काय हात नवे येते का?” असं म्हणून तो हसला, आणि मुकादमाला ओरडून सांगितलं, “चाय सांगा जी, पाहुण्याले चाय सांगा!” ज्याचा हात माझ्या मालानं पोळला त्यानंच मला चहा पाजला. नागपूरचं पहिलं दर्शन हे.

पिंप हातगाडीवर घालून विद्यापीठात सरांच्या खात्यात पोचलो तर अंगण केवढं, झाडं केवढी, आणि जिन्यावरून उतरणारी मुलं इंग्रजी बोलत होती. मी चपला बाहेर काढल्या. एक खाकी कपड्यांतला मध्यमवयीन माणूस आला.

“चपला घाला गा भाऊ, हे देऊळ नोहे. खाली काचा राहतात, पायात घुसतील.”

हे वामनराव पराते, प्रयोगशाळेतले मदतनीस. उमरेडच्या विणकरांच्या घरातले. पुढं माझं सगळं राहणं-खाणं यांच्याच घरी झालं.

मोहरील सर

मला वाटलं होतं कोट-टायवाले कुणी असतील. सर आले ते बाह्या सरसावलेले, चष्म्याच्या काचा जाड, शर्टाला तेलाचा डाग. मी पिंपाचं सांगायला लागलो, पाझरल्याबद्दल माफी मागायला लागलो, तर ते म्हणाले, “ते राहू द्या. फळी आणलीत का?”

मी गोणपाट सोडलं. आजूबाजूची पोरं मागे सरकली. सरांनी ती फळी दोन्ही हातांत उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. आपण हापूसचा घेतो तसा.

“हीच! गावडे, हीच पाहिजे होती.”

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मी उठलो, त्यांनी पुन्हा बसवलं. समजावलं ते असं: सॉ मिलमधल्या कोऱ्या सागवानावर त्यांचं वॉर्निश छान बसतं, वाळतं, चकाकतं. त्यावर मुलांनी पदव्या मिळवल्या. “पण कोकणात कोरी होडी किती? सगळ्या तेल प्यायलेल्या. त्या लाकडानं आमचं वॉर्निश धरलं तर ते खरं. नाही धरलं तर आमचे कागद कपाटात आहेतच, वाळवी खाईल.”

मी जन्मभर या फळ्यांवर बसलो, पण हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या माणसानं होडी फक्त चित्रात पाहिलेली, आणि तिच्या अंगात काय मुरलंय ते ओळखून बसलेला.

दुसरी गोष्ट त्यांनी त्याच दुपारी दाखवली. नागपूरची हवा कोरडी खडखडीत. माझे ओठ पहिल्याच दिवशी फुटले होते, धुतलेला सदरा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळायचा. अशा हवेत काय वाळणार नाही? म्हणून सरांनी मागच्या बाजूची एक कोठी घेतली होती. दारं-खिडक्यांना ओली गोणपाटं, कोपऱ्यात शेगडीवर पाण्याचं पातेलं रटरटतंय, आणि भिंतीत वाळ्याचे पडदे लावलेला कूलर. नागपुरात उन्हाळ्यात कूलर लावतात तो गार व्हायला. हे थंडी पुरती सरली नसताना लावून बसलेले! सगळं खातं त्यावरून सरांची थट्टा करत असे. मिठाचं पाणी शिंपडायला एक पिचकारी होती, होळीची.

“आत जाऊन पाहा,” सर म्हणाले. “तुमच्या आषाढासारखं झालंय का सांगा. पुस्तकावरून केलंय.”

मी आत गेलो आणि दार लागलं. अंगाला घाम सुटला, सदरा पाठीला चिकटला, भिंती ओलसर, गोणपाटाचा कुबट वास. घरची पडवी. माझे डोळे भरून आले. बाहेर येऊन म्हणालो, “सर, बरोबर आहे. मी थोडा वेळ बसू का आत?”

“बसा की,” ते म्हणाले. त्यानंतर फार घरची आठवण आली की मी त्या कोठीत जाऊन बसत असे, आणि पराते बाहेरून ओरडत, “भाऊ कोकणात गेले काय गा? केव्हा येऊन राहिले परत?”

नंदनवन

परात्यांचं घर नंदनवनात, नव्या वस्तीत. पुढं मोकळा प्लॉट, मागं मोकळा प्लॉट. आमच्याकडे एका घरातून दुसरं दिसत नाही, मधे माड-फणस. इथं दार उघडलं की आभाळ थेट उंबऱ्यावर. वहिनींनी पहिल्या रविवारी सावजी मटण केलं. आमच्या घरी तिखट खातात असा माझा समज होता. पहिला घास गेला आणि कानातून वाफ निघाली.

“रडता काहून भाऊ?” वहिनी घाबरल्या. “घरची याद आली का?”

“नाही वहिनी, तिखट...”

“अवं, पाणी दे त्याले, पाहत काय राहिली!” पराते बायकोला म्हणाले आणि मला बजावलं, “पाण्यानं नाही जात हे. अजून एक भाकर खा, त्यानंच जाते.” तसंच झालं. वहिनींच्या हातची जवसाची चटणीही मी तिथंच पहिल्यांदा खाल्ली. आपल्याकडे जसं ओल्या खोबऱ्यावाचून हलत नाही तसं त्यांचं जवसावाचून. मासे मिळत नाहीत म्हणून वहिनींना माझीच जास्त काळजी. एकदा कुठूनशी गोड्या पाण्यातली मासळी आणली, तिच्यात काटेच काटे. मी खाल्ली. चांगली लागली म्हणालो. देव माफ करो.

जवसाचं सांगायचं कारण दुसरंच आहे. सरांच्या कृतीत आपलं टरफलाचं तेल एकटं नाही. त्यात जवसाचं तेल पडतं, आणि एक उग्र वासाचं औषध, जे डोळ्यांना झोंबतं. ते जवस घ्यायला पराते मला एसटीनं उमरेडला, त्यांच्या गावी घेऊन गेले. वाटेत सपाट जमीन, डोंगराचा आडोसा नाही. नजर जाते ती जातेच. जवसाची निळी फुलं सरून बोंडं धरली होती. मधेच पळस पेटलेला. परात्यांच्या वडिलांच्या घरी खड्ड्यातला माग खटखट चालू होता. म्हाताऱ्यांनी धोटा थांबवला नाही, तसंच विचारलं, “तुमी समुद्रावरचे. आमचा वामन त्या कालेजात काय करते, सांगा बरं. आमाले तं सांगते का बाटल्या धुतो.”

मी सांगितलं, आमच्या तेलाचं आणि तुमच्या जवसाचं लग्न लावतात.

“मंग वामन भटजी झाला म्हणा!” म्हातारे हसले. “विणकराचा भटजी! दक्षिणा भेटते का नाही?”

मागची शेड

काचेच्या भांड्यात काम सुरेख झालं. सरांच्या एका विद्यार्थिनीनं ते चंचुपात्रात शिजवलं, काडीनं फळीच्या एका कोपऱ्याला लावलं, फळी त्या ओल्या कोठीत ठेवली, आणि कोपरा वाळला. मला वाटलं, झालं. मालकांना तार करू.

सर म्हणाले, “गावडे, तुमचा कारखाना काय चंचुपात्रात चालणार? आता खरं काम.”

त्यांनी खात्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये मुद्दाम चूल घालून घेतली होती, आणि लोखंडी कढई आणली होती. वाफेची, बटणाची यंत्रं खात्यात होती, पण सर म्हणाले, तुमच्या कारखान्यात नाहीत ती इथंही वापरायची नाहीत. लाकूड जाळायचं, हातानं ढवळायचं. कारखान्यात जाऊन जे टिकेल तेच शोध, बाकी सगळी परीक्षा. तिथल्याच दुसऱ्या एका प्राध्यापकांना हे आवडत नसे. जाता-येता शेडच्या दारात थांबून म्हणत, “काय मोहरील, विद्यापीठानं आता डांबराचं दुकान काढलं काय?”

“डांबर नाही हो, वॉर्निश,” सर ढवळता ढवळता म्हणत. “आणि उधारी बंद आहे.”

ते गेल्यावर एकदा मी भीतभीत विचारलं, “सर, राग नाही येत?”

“त्यांचंही खरं आहे,” सर म्हणाले. “सगळेच दुकान काढून बसले तर शिकवणार कोण? पण हे तेल तुमच्या गावात वाया जातं आणि त्याचा उपाय माझ्या कपाटात पडून राहतो, हे मला झोपू देत नाही. तुमच्या मालकांशी करार झाला तर विकलेल्या दर डब्यामागं खात्याला थोडा वाटा मिळेल. त्यातून पुढच्या पोरांना काचेची भांडी घेता येतील. भीक मागून भांडी घेण्यापेक्षा बरं, नाही का?”

तर त्या कढईत पहिला घाणा चढवला. सरांनी विस्तव, तेल, औषध सगळं नेमून दिलं. मी ढवळत होतो, पराते लाकडं सारत होते. आणि तेल फसफसून वर आलं. फेस काठाला टेकला.

आता आपल्या भट्टीवरचा माणूस अशा वेळी काय करतो? तेल उसळलं की विचार करत नाही. हात खाली जातो, राखेची मूठ भरतो आणि मारतो. लहानपणापासून हेच. माझा हात गेला. चुलीच्या तोंडाशी राख होती. मी मूठ मारली.

फेस बसला. मी खूश. पण थोड्या वेळात दांडा जड झाला, मग फिरेनासा झाला, आणि बघता बघता कढईत सगळं आळून रबरासारखा गोळा. दांडा त्यात उभा. वर नाही येत, खाली नाही जात.

सर धावत आले. “काय टाकलंत?”

“राख,” मी म्हणालो.

राखेत क्षार असतो, त्यानं हे औषध झपाट्यानं काम करतं आणि सगळं धरून बसतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच समजलं की पिंपातलं निम्मं तेल गेलं, सरांची कढई गेली, आणि तेच दुकानवाले प्राध्यापक नेमके दारात उभे. मला वाटलं आता गाठोडं बांधावं. डोळ्यांसमोर त्या फाटकातल्या बायका.

सरांनी चूल विझवायला लावली. छिन्नी-हातोडा मागवला, धोतरासारखा पंचा कमरेला गुंडाळला आणि स्वतः कढईत वाकून गोळा फोडायला लागले. मी आणि पराते धावलो. तिघं मिळून दुपारभर ठोकत होतो. पराते म्हणाले, “सर, हे तं बैलगाडीचं टायर झालं. विकून टाकू!” सर हसले; मला मात्र हसणं जमेना. शेवटी सर उठले, पाठ सरळ केली.

“गावडे, एक सांगा. तुमच्या कारखान्यातला दुसरा कुणी असता तर त्यानंही राखच मारली असती?”

“सगळ्यांनी, सर. हात आपोआप जातो.”

“मग चूक तुमची नाही, माझ्या कृतीची आहे. जी कृती तुमच्या हाताला न विचारता लिहिली, ती तुमच्या हातात टिकणार कशी? मी तुम्हाला शंभरदा सांगेन राख टाकू नका. फेस आला की हात जाणारच. हाताची सवय मोडण्यापेक्षा हातात काय सापडतं ते बदलू.”

दोन गोष्टी केल्या त्यांनी. चुलीचं तोंड भिंतीपलीकडे फिरवलं, म्हणजे राख सगळी बाहेरच्या बाजूला. आणि जवसाचं तेल, जे शेवटी घालायचंच होतं, त्यातलं थोडं वेगळं काढून, थंडच, दांडीच्या मगात भरून, बरोबर तिथं ठेवलं जिथं माझा हात जातो. गार तेल पडलं की फेस बसतो, आणि माल बिघडत नाही. मला म्हणाले, “डोळे मिटा. फेस आलाय. हात टाका.” मी टाकला. मगाची दांडी हाताला लागली. “आता थोडं डावीकडे हवं का?” त्यांनी तो मग दोन बोटं डावीकडे सरकवला, आणि त्या जागी जमिनीवर खडूनं वर्तुळ काढलं. दुसऱ्या दिवशी तिथं सिमेंटचा कट्टाच बांधला.

एवढा शिकलेला माणूस गुडघ्यावर बसून माझा हात कुठं पडतो ते पाहत होता. हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

पुढचा घाणा चढवला तेव्हा फेस आला, हात गेला, तेल पडलं, फेस बसला. माल उतरला तो मधासारखा, जरा काळपट. फळी पुरती रंगवून ओल्या कोठीत ठेवली. ती वाळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले मलाच ठाऊक. दर सकाळी हाताची मागची बाजू टेकवून पाहायचो. तिथलं कातडं नाजूक, लगेच सांगतं. पहिल्यांदा चिकटली. पुन्हा चिकटली. मग एका सकाळी टेकवली तर नुसती गार. पराते, सर, ती विद्यार्थिनी, सगळे आपापले हात टेकवून गेले. सरांनी तर गाल टेकवला. वास तेवढा अजून होता.

मालक आले

ट्रंक कॉल केला आणि मालक आले. त्यांना फळी दाखवली. पाण्यात घातली, नखानं खरवडली, दगडानं घासली; मालक कशाला सोडतात! मग सरांना म्हणाले, “साहेब, माल झकास आहे. पण हा तुमच्या हातचा. विद्वान माणूस उभा असला तर मातीचं सोनं होतं. आमच्याकडे तुम्ही नसणार.”

मला वाटलं सर दुखावतील. ते म्हणाले, “म्हणूनच आज मी हात लावणार नाही. शेडमध्येही येणार नाही. आपण त्या झाडाखाली चहा घेऊ.” आणि खरोखर मालकांना घेऊन, शेडकडे पाठ करून बसले.

शेडमध्ये मी आणि पराते. उरलेलं तेल एवढंच, हा घाणा बिघडला तर दुसरा नाही. मालक एवढे लांबून आले ते याच एका कढईसाठी. सर जवळ असताना मला धाक वाटायचा. आता ते नव्हते तर धाक दुप्पट.

“घाबरू नका जी,” पराते म्हणाले. “मी हाय नं. बिघडलं तर दोघं मिळून उमरेडला पळून जाऊ, माझा बाप बसवते मागावर विणायले.”

तेल चढलं. औषध पडलं, डोळे झोंबले. ढवळत राहिलो. मग कडेला एक बुडबुडा, मग चार, आणि एकदम फेस उठला. त्या क्षणी मला काही आठवलं नाही. मोहरील सर नाहीत, मालक नाहीत, राख-तेल काही नाही. हात गेला. दांडी हाताला लागली. गार तेल पडलं, फेस सुस्कारा टाकून बसला. पराते ओरडले, “वा रे माझ्या वाघा!” एवढ्या मोठ्यानं की झाडाखालून मालक उठून उभे राहिलेले मला दारातून दिसले. सर उठले नाहीत. पाठच करून बसले होते, कप हातात.

माल उतरवला. मालक आत आले, बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, उजेडात धरला. सरांना काही विचारणार तोच सरांनी माझ्याकडे हात केला.

“मला नका विचारू. आज हे त्यांनी केलंय.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मालक, सर, पराते, ती विद्यार्थिनी, दारात ते दुकानवाले प्राध्यापकही. इतके दिवस मला याच घडीची भीती. एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर उभं राहून हो किंवा नाही म्हणायचं. काय बोलावं, कसं बोलावं, मी कितीदा मनात जुळवलं होतं, शुद्ध भाषेत. तोंडातून आलं ते आपलंच.

“मालकानू, औंदा मिरग लागलो तरी बायकांका घराक धाडू नकात.”

मालक पुढं वाकले. त्या काळपट मालात त्यांनी पुन्हा बोटं बुडवली. मग बोटं सदऱ्याला पुसली, नवा सदरा होता, आणि परात्यांकडे वळून विचारलं,

“काय हो, असली कढई नागपुरात मिळते कुठं?”